उतारावरचा हात

रेल्वेपुलाच्या चढावर, बरोबर मध्यावर, मीटरमधला ‘डी’ गेला आणि त्या जागी न्यूट्रलचा ‘एन’ लुकलुकायला लागला. सुचेताने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन बोंबललं, जळक्या रबराचा वास आला, गाडी मात्र पुढे जाईना. उलट वीतभर मागे सरकली. मागच्या टेंपोवाल्याने असा हॉर्न मारला की मागच्या सीटवर ग्लानीत पडलेली ईशानी दचकून उठली.

“आई, गाडी बंद पडली?”

“नाही गं बाळा. आत्ता जाईल.”

गाडी गेली नाही. चावी बंद केली, चालू केली, दांडा मागेपुढे केला. क्लच नसलेली, गियर आपले आपण टाकणारी गाडी. तिला करायचं म्हटलं तरी माणसाच्या हातात फारसं काही नसतं. घरून निघताना ईशानीचा ताप एकशे एक पॉइंट आठ होता. गेल्या वर्षी तापातच तिला दोनदा झटके आले होते. डोळे वर, दात घट्ट, आणि सुचेताच्या मांडीवर ते चार वर्षांचं शरीर लाकडासारखं ताठ. कर्जतच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, “एकशे एकच्या वर गेला की घरी पट्ट्या ठेवत बसू नका. सरळ घेऊन या.” चौकच्या अलीकडच्या त्यांच्या गावातून कर्जतला एसटीने पाऊण तास, तीही आली तर. म्हणून तर ही गाडी घेतली. दुसऱ्याने वापरलेली का असेना, पण दारात उभी.

टेंपोवाला शिव्या देतच उतरला. काचेतून आत डोकावून त्याने पोरीचं तोंड बघितलं. “ताई, गाडी कडेला ढकलतो. तुमी माझ्यात बसा.” कलिंगडांच्या टेंपोत, पुढच्या सीटवर ईशानीला छातीशी धरून सुचेता कर्जतला पोचली. वाटभर ती मुलीच्या पापण्यांकडे बघत होती. झटका आला नाही. डॉक्टरांनी औषध दिलं, तासाभराने ताप उतरला.

संध्याकाळी साईराज रसायनीच्या कंपनीतून सुटला, मित्राच्या बाईकवरून पुलाशी उतरला, चावी फिरवली आणि गाडी सरळ घरी घेऊन आला. कुठे धक्का नाही की कुरकुर नाही.

“चालू झाली की,” चावी खिळ्याला अडकवत तो म्हणाला.

“चालू झाली की म्हणजे?” सुचेताचा आवाज चढला. “पोरगी आत होती, साईराज. गाडी मागे येत होती.”

“मी कुठे नाही म्हणतोय? पण मला तर व्यवस्थित वाटली.”

ओटीवर बसलेले सासरे, आबाजी, मिशीत हसले. “गाडीला बी कळतं गं, चालवनारा कोन हाय ते.”

“हो, न चुलीला बी कळतं,” सासूबाई जयवंता आतून म्हणाल्या. “म्हनून तुमी चहा टाकला की उतू जातो.”

सगळे हसले. सुचेताला हसू आलं नाही. डॉक्टरच्या दारात गेल्यावर पोराचा ताप उतरावा तशी ही गाडी. दुसऱ्याच्या हातात दिली की शहाणी होते आणि सांगणारीच खोटी पडते.

हायवेवरच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली, तेव्हाही तेच. टाय लावलेल्या तिथल्या माणसाने संगणक जोडला, एक फेरी मारून आला आणि एसीच्या खोलीत साईराजसमोर कागद ठेवला. प्रश्न सुचेता विचारायची आणि उत्तर तो साईराजकडे बघून द्यायचा.

“सर, ट्रान्समिशनची अख्खी असेंब्ली बदलावी लागेल. चौऱ्याण्णव हजार.”

“आत नेमकं काय बिघडलंय?” सुचेताने विचारलं.

“मॅडम, आम्ही उघडत नाही. बदलतो.”

“उघडलं नाही तर बदलायचं काय ते कशावरून ठरवलं?”

त्याने साईराजकडे पाहिलं. “सर, मॅडम फार टेन्शन घेतात.”

तीन लाख दहा हजारांच्या गाडीला चौऱ्याण्णव हजारांचा गियरबॉक्स. बाहेर आल्यावर साईराजने गाडी विकणाऱ्याला, म्हणजे त्याच्याच खात्यातल्या एका ओळखीच्याला फोन लावला. “माझ्याकडे होती तोवर एक दिवस त्रास नव्हता, तुझी शप्पथ,” तो म्हणाला. त्यानंतर तो कॅन्टीनमध्ये दुसऱ्या टेबलावर बसायला लागला. मग कुंभिवलीच्या एका मेकॅनिकने ऑइल बदलून चार हजार आठशे घेतले. आठवडाभर गाडी गुणी बाळासारखी चालली आणि नवव्या दिवशी पुन्हा पुलावर तोच जळका वास.

त्या दिवशी सुचेताने वही काढली.

वही आधीपासून होतीच. पुढच्या बाजूने ईशानीचा ताप: तारीख, वेळ, किती, कोणतं औषध, किती वेळात उतरला. ती वही उलटी करून सुचेताने मागच्या पानापासून गाडीचं सुरू केलं. बीएस्सीला केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये आखायची तसे पट्टीने रकाने आखले. तारीख. जागा. चढ की उतार. काय झालं. आणि शेवटचा, बारीकसा रकाना, कोण चालवत होतं. त्यात साईराजसाठी ‘सा.’, सासऱ्यांसाठी ‘बा.’ आणि स्वतःसाठी ‘मी’. कोणी विचारलंच तर सांगू, बाजाराची यादी आहे म्हणून.

तीन आठवड्यांत पानं भरली. साईराज कंपनीच्या बसने जायचा, त्यामुळे ‘सा.’ रविवारपुरताच. गाडी खरी चालायची ती सुचेता आणि आबाजींच्या हातात. आबाजी ईशानीला बालवाडीत सोडायचे, बाजारहाट करायचे, कोणाच्या बारशाला जायचे. आणि ‘बा.’ असलेल्या ओळींत एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता: धक्का.

मग सुचेता त्यांच्या शेजारी बसायला लागली. निमित्त काहीही, कोथिंबीर संपली, ब्लाउज टाकायचाय. डोळे मात्र त्यांच्या डाव्या हातावर. पूल चढून झाला, माथा आला की तो हात स्टीअरिंगवरून निघायचा, दांड्यावर बसायचा आणि टक्‌ करून गाडी न्यूट्रलमध्ये. इंजिनाचा आवाज बसायचा. उतारावर गाडी नुसती घरंगळत जायची.

“बघ कशी तरंगते,” आबाजी म्हणायचे. “पेट्रोलचा थेंब नाय जळत.”

खाली पोचताना, गाडी पन्नासच्या वेगात असताना, दुसरी टक्‌. दांडा परत ‘डी’वर. आणि गाडीच्या पोटातून कोणीतरी गुडघा मारावा तसा दणका. आबाजींना तो दणका ऐकूच यायचा नाही. त्यांचे कान मोठ्या इंजिनाचे.

रसायनीहून पुण्याकडे जाणारे टँकर त्यांनी तीस वर्षं चालवले होते. मालक फेरीला डिझेल मापून द्यायचा. वाचेल ते ड्रायव्हरचं. “बोरघाटात कधी नाय हां,” ते सांगायचे, “घाटात गियर म्हंजे गियर. पन घाट सोडला की बाकीचे जे उतार हायत ना, ते सगळे माजे.” सगळ्यात जास्त डिझेल वाचवलं म्हणून शेठने एका दिवाळीत भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते अजून ओटीवर टकटकत होतं. त्या घड्याळाला घरात मान होता. आणि त्या हाताला तर होताच. सुचेताला गाडी शिकवली तीही त्याच हाताने. ती चालवत असली आणि आबाजी शेजारी असले, तरी माथ्यावर पोचताच त्यांचा हात परस्पर दांड्याकडे सरकायचा. एकदा तर त्यांनी तिला न विचारताच न्यूट्रल मारला होता.

एका दुपारी तिने धीर केला. गाडीसोबतचं पुस्तक पुढ्यात धरलं. “बाबा, यात लिहिलंय, चालत्या गाडीत न्यूट्रल करायचं नाही. या गाडीचा गियरबॉक्स वेगळा असतो.”

“पुस्तकात लिवलंय?”

“हो.”

“मी पुस्तक वाचून टँकर नाय चालवला, पोरी.” ते हळू आवाजात म्हणाले, आणि तेच वाईट होतं. खुंटीवरची टोपी घालून ते बाहेर गेले. दोन दिवस चावीला हात लावला नाही. बालवाडीला ईशानीला खांद्यावर घेऊन पायी गेले. दोन किलोमीटर! सासूबाईंनी ताटात भाकरी जरा लांबून टाकली. साईराज म्हणाला, “कशाला काढायचं? तुला माहितेय ना त्यांचं.”

“म्हणजे पोरीला पुन्हा पुलावर अडकवायची?”

“तसं कुठं म्हणतोय मी?”

“मग कसं म्हणतोयस?”

तो जेवण सोडून मोबाइल बघत बसला.

त्या दोन दिवसांत गाडी फक्त सुचेताने चालवली. धक्का एकदाही बसला नाही. जळका वास मात्र दोनदा आला, दोन्ही वेळा पुलावर. तिने प्रामाणिकपणे लिहिलं आणि पुढे कंसात जोडलं, ‘आधीच्या नुकसानीमुळे’. जर्नलमध्ये उत्तर जुळत नसलं की अशीच एखादी ओळ लिहून द्यायची असते.

आबाजींना तिने सांगून उपयोग नव्हता. ज्याचं ते ऐकतील अशा माणसाने सांगायला हवं होतं. तसा माणूस चौकला होता. हरी मिस्त्री. पूर्वी आबाजींचे टँकर तोच खोलायचा. आता जुन्या हायवेला त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. या नव्या गाड्यांसाठी लॅपटॉपसुद्धा घेतला होता. त्यावर धूळ बसू नये म्हणून धुतलेला पंचा घातलेला असायचा. “बाबा, एकदा हरीकाकांना दाखवू या का?” असं सुचेताने सहज विचारल्यासारखं विचारलं. आबाजींचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला. “आधी का नाय सुचलं तुला? त्यो टायवाला काय सांगनार!”

शनिवारी सकाळी ते दोघे गॅरेजवर पोचले. हरी मिस्त्रीने आबाजींच्या पाठीत थाप मारली, दोन चहा सांगितले. चष्म्याच्या दोरीशी खेळत तो सुचेताकडे वळला. “बोला ताई. काय दुखतं गाडीला?”

सुचेताने वही पुढे केली. त्याने ती सरळ बाजूने उघडली आणि त्याच्या भुवया चढल्या. “एकशे दोन पॉइंट चार? ताई, गाडीचा ताप मोजता व्हय? न हे काय, अर्धा चमचा तीन वेळा?”

“ते मुलीचं आहे. मागून बघा, मागून.” सुचेताचे कान गरम झाले.

वही उलटली. हरी मिस्त्रीचं काळं बोट रकान्यांतून खाली उतरायला लागलं. सुरुवातीला तो हसत होता. मग हसू गेलं आणि ओठ हलायला लागले. असं कोणी तिच्या टिपणांकडे बघेल याची सुचेताने इतके दिवस वाट पाहिली होती. आता तो बघत होता तर तिला वही परत ओढून घ्यावीशी वाटली.

“हे ‘बा.’ म्हंजे कोन?”

बाकावर आबाजींचा कप तोंडाशी थांबला.

“बाबा,” सुचेता म्हणाली.

“माजं नाव लिवलंय?” आबाजींनी कप खाली ठेवला. “कशाला?”

“आबा, तू अजून न्यूट्रल मारतो?” हरी मिस्त्री ओरडलाच. “अरं, मापाचं डिझेल कवाच संपलं! शेठ गेला, टँकर गेला, तुजा हात कुनासाठी वाचवतोय?”

“सवय हाय रं.” आबाजी एवढंच म्हणाले. त्यांनी सुचेताकडे बघितलं नाही. जिंकल्यावर बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. तोंडात टाकलेल्या चिंचेत किडका चिंचोका निघावा तसं झालं.

हरी मिस्त्री मात्र अजून वहीतच होता. एक पान पुढे गेला, एक मागे आला. “धक्क्याचं समजलं,” तो पुटपुटला. “पन धक्क्यानं वास नाय येत.” त्याने वही मिटली. “चला, पुलावर जाऊ. ताई, तुमी चालवा. आबा, मागं बस. आज तुझ्या हाताला सुट्टी.”

पुलाच्या चढावर, ट्रकांच्या रांगेमागे, तो म्हणाला, “थांबा इथं.”

सुचेता थांबली. गाडी बारीक थरथरत होती. मागे एक रिक्षा टेकल्यासारखी उभी होती. आरशात तिचं पुढचं चाक दिसत होतं.

“थांबलात?”

“हो.”

“पाय कुठं हाय तुमचा?”

“कुठे म्हणजे?” तिने खाली पाहिलं. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता. जोरात नाही, जेमतेम अर्धा. एवढा की गाडी पुढेही जाऊ नये आणि मागेही येऊ नये.

तिला एकदम सगळं आठवलं. गाडी घेतली त्या पहिल्या महिन्यात, ह्याच चढावर. ब्रेकवरून पाय उचलला आणि गाडी सरसर मागे गेली, मागच्या डंपरच्या नाकापर्यंत. मागच्या सीटवर ईशानी गाणं म्हणत होती. त्या दिवसापासून चढावर तिने पायाचा भार कधी पूर्ण काढलाच नव्हता. आपण असं करतो हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. झोपलेल्या मुलाच्या छातीवर हात ठेवून बसावं तसा तो पाय तिथे असायचा.

“मी गाडी धरून ठेवते,” ती म्हणाली.

“धरता, पन कशानं? क्लचनं. गाडीत क्लचचं पेडल नाय म्हंजे क्लच नाय असं नसतं, ताई. आत हायच तो. ओलं पोतं हातावर धरून दारात उभं ऱ्हायचं न म्हनायचं, हात का भरून आले! खाली ठेवा की.”

तेवढ्यात वास आला. तोच, जळक्या रबराचा. या वेळी तो कुठून येतोय हे विचारायची गरज नव्हती. सुचेताने पाय उचलला, ब्रेकवर आपटला. रांग हलली, मागच्या रिक्षाने हॉर्न दिला, पुढच्या ट्रकमागे जाऊन ती माथ्यावर पोचली. कशी पोचली ते तिला नंतर आठवेना.

गॅरेजवर परत आल्यावर तिने वही उघडली. धक्का, बा. धक्का, बा. आणि त्यांच्या मधेमधे: वास, पूल, मी. वास, पूल, मी. वास, चढ, ट्रक पुढे उभा, मी. नऊ वेळा. तिच्याच सुवाच्य अक्षरात, पट्टीने आखलेल्या रकान्यात. सगळ्यांचे रकाने तिने रोज वाचले होते. स्वतःचा भरला होता, वाचला नव्हता.

आता आबाजी टोमणा मारतील, म्हणून ती खाली मान घालून उभी राहिली. मारला असता तर बरं झालं असतं.

“पोरीला ठावं नव्हतं, हरी,” आबाजी म्हणाले. “गाडी म्या शिकवली तिला. सपाटीवर शिकवली. चढावर कसं थांबायचं ते म्या सांगाया पायजे होतं. मला काय वाटलं, ही ऑटोमॅटिक, हिला काय शिकवायचं!”

“तुमी दोगं घरात बोलत नाय का?” हरी मिस्त्रीने विचारलं.

मंगळवारी त्याने गियरबॉक्स उतरवला आणि क्लचप्लेट काढून सुचेताच्या हातात दिली. तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी काळी, कडांना झिजून पातळ झालेली. “गियरबॉक्स ठीक हाय. आबाचे दणके खाऊन गियर टाकणाऱ्या मोटरचा एक जोड ढिला झालाय, त्यो बसवतो. ही प्लेट गेली. ती सुटायची तवा गाडी ‘एन’वर जाऊन बसायची. गार झाली की परत पकडायची, म्हनून साईराजच्या हातात चालू झाली.” नवा क्लचसेट, मजुरी, लॅपटॉपवरून गाडीला नव्या क्लचची ओळख करून देणं, मिळून तेवीस हजार पाचशे. बाथरूमच्या फरशीसाठी ठेवलेले पैसे गेले.

“चौऱ्याण्णवातले सत्तर वाचले म्हणायचे,” सुचेता फोनवर म्हणाली.

“वाचले कसले?” साईराज पलीकडून करवादला. “दोघांनी मिळून गाडी जाळलीत आणि वर मला बचत सांगतेस!”

तिने फोन कापला. त्याचं खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. राग कोणावर काढायचा तेही कळेना. इतके दिवस गाडी विकणारा होता, टायवाला होता, कुंभिवलीचा मेकॅनिक होता, बाबांचा हात होता. आता उरला होता तिचा स्वतःचा पाय, आणि त्याच पायाने पुढच्या वेळी पोरीला कर्जतला न्यायचं होतं.

“चार महिन्यांत परत जाळलीत तर माझ्याकडं यायचं नाय,” चावी देताना हरी मिस्त्रीने बजावलं. “दोगांनी बी.”

नऊ दिवसांनी दुपारी चारला ईशानीचं अंग पुन्हा तापलं. एकशे एक पॉइंट दोन. साईराज दुसऱ्या पाळीत होता. सुचेताने औषध पाजलं, वही पिशवीत टाकली आणि चावी घेतली. क्षणभर ती खिळ्यापाशीच उभी राहिली. “बाबा, तुम्ही चालवता?”

“नाय,” आबाजी चपला घालत म्हणाले. “तू चालव. मी बाजूला बसतो.”

मागे जयवंताबाई नातीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. चौक मागे पडलं. पूल दिसला, आणि पुलावर ट्रकांची रांग. पुढे कुठेतरी काहीतरी बंद पडलं होतं. बरोबर मध्यावर पुढचा ट्रक थांबला. तीही थांबली. आरशात मागे एक सिमेंटची गाडी, काचेपर्यंत आलेली.

“पाय,” आबाजी म्हणाले.

पाय ॲक्सिलरेटरवर होता. तिने तो ब्रेकवर नेला.

“आता हँडब्रेक वड. पुरा वड. दात वाजू दे त्याचे. हां. आता ब्रेकचा पाय बी काढ.”

“बाबा, मागे सिमेंटची गाडी आहे.”

“दिसली मला. काढ.”

भर बाजारात मुलाचं बोट सोडावं तसं तिने पाय काढला. गाडी हलली नाही. मागे नाही, पुढे नाही. नुसती उभी राहिली. वास नाही. मागून जयवंताबाईंचा आवाज आला, “तेवढंच हाय गं कपाळ. वाढलं नाय. तू पुडं बघ.”

ट्रक हलला. “आता हलकासा दाब,” आबाजी म्हणाले, “गाडीचं नाक उचललं असं वाटलं की हँडब्रेक सोड. त्याच्या आधी नाय.” पहिल्यांदा घाई झाली आणि गाडी चार बोटं मागे आली. सिमेंटवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढीचना. सुचेता ओरडली, “अरे, थांब ना जरा!” जणू त्याला ऐकू जाणार होतं. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा गाडी जागची मागे आलीच नाही. ‘डी’ मीटरमध्ये शांत होता.

माथा आला. पलीकडे उतार, मोकळा रस्ता, कर्जतकडची शेतं. सुचेताने श्वास सोडला आणि तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. आबाजींचा उजवा हात गुडघ्यावरून उठला होता आणि सावकाश, आपल्याच नादात, दांड्याकडे निघाला होता.

“बाबा, हात!”

हात हवेत थांबला. आबाजींनी त्याच्याकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं बघितलं, आणि मग तो मांडीखाली घालून त्यावर वजन देऊन बसले.

“जात नाय गं लवकर,” ते म्हणाले.

“माझीपण नाही जात.”

उतारावर इंजिन गुरगुरत होतं, पेट्रोल जळत होतं. आबाजींना ते सहन होत नव्हतं. दर थोड्या वेळाने ते जीभ टाळूला लावून च्च करत होते. पण हात मांडीखालीच राहिला. पुढे वळणावर, छोट्याशा चढाला, एका बैलगाडीमागे सुचेताला थांबावं लागलं. तिने हँडब्रेककडे हात नेलाच होता, तोवर मागून तापाने घोगरा झालेला आवाज आला.

“आई, पाय! आजोबा, हात!”

“गप झोप गं,” जयवंताबाई म्हणाल्या.

सुचेताने हँडब्रेक ओढला, पाय काढून घेतला आणि बैलगाडी बाजूला होण्याची वाट बघत बसली. कर्जत अजून आठ किलोमीटर होतं.